दोन मिनिटांचं काम

"दोन मिनिटांचं काम आहे," हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. मी त्याला मारणार नाही. त्याच्यासमोर आमच्या ऑफिसचा दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर ठेवीन आणि म्हणेन, चला, दोन मिनिटं. करा सुरू.

आमची कंपनी गाद्या बनवते. लोकांना गाढ झोप लागावी म्हणून आपण जागे असतो, असं साहेब दरवर्षीच्या सभेत म्हणतात आणि आपल्याच विनोदावर हसतात. माझ्या दारावर ‘माहिती तंत्रज्ञान विभाग’ अशी पाटी आहे. विभाग म्हणजे मी एकटी. विभागाची जागा जिन्याखाली. तिथे एका बाजूला सर्व्हर गरम हवा सोडत असतो, आणि दुसऱ्या बाजूला नापास झालेल्या गाद्यांचे तुकडे छतापर्यंत रचलेले असतात. जिन्यावरून कोण चाललंय हे मला पावलांवरून कळतं, आणि पावलं दाराशी थांबली की काम आलं, हेही कळतं.

मी नेमकं काय करते असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. सर्व्हर माझा, वेबसाइट माझी, फोन माझे, कॅमेरे माझे, हजेरीसाठी बोट टेकवायचं यंत्र माझं. इथपर्यंत ठीक. पण जिला वायर आहे ती प्रत्येक वस्तू माझी, अशी कंपनीची ठाम समजूत आहे. कॉफीचं यंत्र माझं का? तर त्याला स्क्रीन आहे. साहेबांच्या केबिनचा पडदा रिमोटने सरकतो, म्हणून तोही माझ्याच गळ्यात. एकदा लिफ्ट अडकली, तर आतल्या माणसाने आधी मला फोन केला आणि मग बायकोला.

नातेवाईक तरी सोडतील? छे. मामेसासऱ्यांचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, नणंदेचा ओव्हन वेळ चुकीची दाखवतो, आणि सगळ्यांचं एकच पालुपद: "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना?" एका अंत्यविधीला मी हात जोडून उभी होते. शेजारच्या गृहस्थांनी मला कोपराने हळूच डिवचलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मोबाइलमधले फोटो उडाले तर परत येतात का हो?"

येतात. हेच तर दुखणं आहे. मला थोडंथोडं सगळंच येतं. आणि जिला सगळं येतं, तिच्या कामाला कुठे शेवट म्हणून नसतो.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ओटीपी. कंपनीसाठी कुठलीही सेवा घ्यायची झाली की मोबाइल नंबर मागतात. बँक, कुरिअर, कर भरायची साइट, मालाच्या ट्रकचे परवाने, सगळीकडे. दर वेळी मी विचारायचे, "कोणाचा नंबर टाकू?" आणि दर वेळी उत्तर यायचं, "तुमचाच टाका की, तुम्ही तर असताच." मी असतेच! मग मी टाकत गेले. वाद घालण्यापेक्षा टाकून मोकळं होणं सोपं होतं. त्यामुळे आज अशी गत आहे की कंपनीतलं कुठलंही कुलूप उघडायचं, तर आकडे माझ्या फोनवर येतात. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असताना मी बोटांनी आकडे दाखवलेत, आणि ते नर्सने फोनवर सांगितलेत. हिशेब बघणाऱ्या काकू पलीकडून म्हणाल्या, "तिला म्हणावं, जरा लवकर दाखव, तो संपतो."

तर मी थकले होते. झोपून जाणारा थकवा नव्हता तो. तसं असतं तर गाद्यांची काय कमी होती? हा थकवा चिडका होता. कोणी नुसतं "ऐका ना" म्हटलं तरी तळपायाची आग मस्तकात जायची. तोंडाने मात्र "हो, बघते" असंच निघायचं. बाहेर दिवसभर गोड बोलायचं आणि घरी येऊन वसुली करायची, असं चाललं होतं माझं.

आणि त्यातच एका संध्याकाळी लेक दप्तर घेऊन समोर उभी राहिली. "आई, चेन अडकलीय." बस, एवढंच. मी फोनवर कोणाला तरी पासवर्ड बदलून देत होते. मी अशी किंचाळले, "मी काय काय बघू? सगळ्या जगाचं मीच बघू का?" की फोनवरच्या माणसानेसुद्धा सॉरी म्हटलं. लेक दप्तर उचलून आत गेली. थोड्या वेळाने ती तिच्या बाबाला सांगताना ऐकू आली, "आईला नको विचारूस. ती चिडते." तक्रारीचा सूर नव्हता. खालची पायरी मोडलीय, जपून उतर, असं सांगतात ना, तसा आवाज होता.

त्यानंतर तिने मला काही विचारणंच सोडलं. गणित अडलं की बाबा, चित्रकलेचं सामान हरवलं की शेजारच्या काकू. अख्ख्या जगात मला काही न विचारणारं एकच माणूस उरलं, आणि ते माझ्या पोटचं होतं. याची मला भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखी चिडत होते.

म्हणून मी ठरवलं, बास. आता एकच काम. एका मोठ्या कंपनीत फायरवॉल सांभाळायची जागा होती, म्हणजे बाहेरच्या चोरांना नेटवर्कमध्ये शिरू द्यायचं नाही, एवढंच. मुलाखतीत मी भीत भीत विचारलं, "आणि प्रिंटर?" समोरची बाई गोंधळून म्हणाली, "त्याला वेगळा माणूस आहे." मला तिथल्या तिथे रडू फुटायचं बाकी होतं. त्याला वेगळा माणूस आहे! इतकं सुंदर वाक्य माझ्या कानावर कित्येक वर्षांत पडलं नव्हतं.

अट एकच होती: महिनाअखेरीच्या आत नेटवर्क सुरक्षेचं प्रमाणपत्र. मागच्या खेपेला परीक्षेच्या सकाळीच ऑफिसचा सर्व्हर बंद पडला आणि मी गेलेच नाही. आता ही शेवटची तारीख होती. हुकली, तर जागा दुसऱ्याला.

नवरा म्हणाला, "एकाच गोष्टीत अडकलीस आणि उद्या ती गोष्टच जुनी झाली तर?"

"सगळ्यात अडकून मीच जुनी झालेय, ते दिसत नाही का तुला?" मी म्हटलं. त्याला दिसत होतं. त्याने मुकाट्याने परीक्षेची फी भरली.

आदल्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना बजावलं, की उद्या सकाळभर माझा फोन बंद. काकूंचा चेहरा पडला. "मग ओटीपी?"

"उद्याचा दिवस नका लागू देऊ."

"अगं, ते काय आपल्या हातात असतं का?" काकू म्हणाल्या. जणू ओटीपी म्हणजे शिंकच.

परीक्षेचं केंद्र एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. दाराशी फोन काढून घेतला आणि लॉकरमध्ये टाकून किल्ली माझ्या हातात दिली. मला एकदम हलकं वाटलं, आणि मागोमाग धास्तीही वाटली. आत लांबट खोली, रांगेने कॉम्प्युटर, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे. सगळे परीक्षार्थी आमच्याच धंद्यातले, सगळ्यांच्या डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळं. पर्यवेक्षकांनी नियम वाचून दाखवले: बोलायचं नाही, जागेवरून उठायचं नाही, माउस आणि कीबोर्ड सोडून कशालाही हात लावायचा नाही. लावला तर पेपर रद्द.

पेपर बरा चालला होता. अर्ध्याच्या पुढे गेले असेन, तेवढ्यात स्क्रीन गोठली. ‘कृपया प्रतीक्षा करा.’ शेजारच्याची गोठली, समोरच्याची गोठली, अख्ख्या खोलीची गोठली.

पर्यवेक्षक आधी नुसते बघत राहिले. मग त्यांनी आपल्या मशीनचं एक बटण दाबलं, मग सगळी दाबली. शेवटी घाम पुसत त्यांनी खोलीला विचारलं, "इथे कोणाला कॉम्प्युटरमधलं काही कळतं का?"

खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं पोट कॉम्प्युटरवर चालत होतं. आणि प्रत्येकाने मान खाली घातली. कोणीतरी पुटपुटलं, "मी डेटाबेसचा आहे." मागून आवाज आला, "मी क्लाउडवाला." एकाने तर खिडकीबाहेर काही महत्त्वाचं चाललंय असा आव आणला.

मला मात्र दिसलं होतं. माझ्या समोरच्या कोपऱ्यात, टेबलाखाली, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा होता. त्याचे सगळे दिवे एकाच वेळी, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. आणि एक निळी वायर त्यातून निघून, गोल वळून, त्याच डब्यात परत शिरली होती. झाडताना कोणीतरी लोंबणारं टोक बघून, दिसेल त्या भोकात नीटनेटकं खोचून ठेवलं असणार. असं केलं की नेटवर्क स्वतःशीच बोलत बसतं आणि बाकी कोणाचं काही ऐकत नाही. ती वायर उपसली की काम झालं.

माझे हात शिवशिवायला लागले. तुम्हाला सांगते, नाकावर माशी बसावी आणि हलता येऊ नये, तसं झालं. उठले तर पेपर रद्द, हे एक. पण नुसतं तोंडाने सांगता आलं असतं ना! पर्यवेक्षकांनी स्वतःच विचारलं होतं. सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, "ताई, तुम्हीच बघता का जरा?" आणि मी म्हटलं असतं, "हो, बघते." मी स्वतःला ओळखून आहे. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि ओठ मिटून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं आणि मी ते सांगत नव्हते.

पर्यवेक्षकांनी फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई धापा टाकत आल्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा कपाळावर, खांद्यावर वायरींचं वेटोळं, एका हातात पेचकस आणि दुसऱ्या हातात वाजणारा फोन. "हो हो, एसीचं पण बघते, आधी इथलं बघू द्या," असं त्या फोनवर सांगत होत्या. आत पाऊल टाकताच खोली त्यांच्यावर तुटून पडली. आमचा वेळ वाढवून मिळणार का? आधीची उत्तरं गेली का? इतकी साधी गोष्ट सांभाळता येत नाही का? मघाशी ज्यांना काहीच कळत नव्हतं, त्या सगळ्यांना एकदम वाचा फुटली.

बाई आधी सर्व्हरकडे गेल्या. साहजिकच आहे, मीही तिथेच गेले असते. तिथे त्या वाकून एकेक बघत होत्या. मला इकडे वायर दिसत होती, वेळ चालला होता, नोकरी चालली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, चांगल्या खणखणीत आवाजात:

"अहो बाई, किती वेळ? दोन मिनिटांचं काम आहे ते!"

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ होती. रोज अनेकदा माझ्याच डोळ्यांतून ती बाहेर जाते. आणि मग त्या म्हणाल्या, अगदी माझ्याच सुरात, "हो, बघते."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. जे वाक्य ऐकून मी वर्षानुवर्षं दात-ओठ खाल्ले, ते मी एका वाकलेल्या बाईच्या पाठीवर फेकून मारलं होतं. तेही उत्तर माहीत असताना! वाक्य पहिल्यांदा उच्चारणारा माणूस शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. गरज पडली की तो कोणातही येऊन बसतो.

बाई फिरत फिरत कोपऱ्याशी आल्या. खाली बसल्या, डब्याकडे बघितलं, "अरे देवा," म्हणाल्या आणि निळी वायर उपसली. स्क्रीन जिवंत झाल्या. आभार कोणीच मानले नाहीत, मीही नाही, कारण बोलायला बंदी होती आणि आता सगळ्यांना नियम आठवले होते. त्या एसीकडे वळल्या.

पेपर संपला. स्क्रीनवर निकाल आला: उत्तीर्ण. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्या बाईंचा आवाज कानातून जाईना. निकालाचा छापील कागद घेतला, लॉकरमधून फोन घेतला, चालू केला नाही, आणि बाईंना शोधत निघाले. त्या जिन्याच्या पायरीवर जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. शेजारी फोन थरथरत होता, आणि त्या घास घेता घेता एका बोटाने तो गप्प करत होत्या.

"मघाशी मी तुम्हाला फार वाईट बोलले," मी म्हटलं.

"वाईट काय, रोजचंच आहे," त्या म्हणाल्या आणि जरा सरकल्या. मी बसले. "पण तुला दिसली होती ना ती वायर? मी आत आले तेव्हा तू तिकडेच बघत होतीस."

मी मान हलवली.

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

आता चांगलीच खरडपट्टी निघणार म्हणून मी तयार होते. त्या घास गिळून म्हणाल्या, "बरं केलंस. मला हे आयुष्यात जमलं नाही."

मी तेच विचारलं जे लोक मला विचारतात: एवढं सगळं करत बसण्यापेक्षा तुम्ही एखादी गोष्ट धरून तिच्यात प्रमाणपत्र का नाही घेतलं?

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं, घेतलंय की. नेटवर्क सुरक्षा. इथेच दिली परीक्षा, याच खोलीत. मग इथेच जागा निघाली. नेटवर्कसाठीच घेतलं होतं मला. कागदावर अजून तसंच आहे."

"मग?"

"मग पहिल्या आठवड्यात कोणीतरी म्हणालं, प्रिंटर चालत नाही. मी सांगितलं, ते माझं काम नाही. तर म्हणाले, बघा तर खरं. बघायला गेले, आणि चालू झाला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिथेच संपलं सगळं. चालू झाला नसता ना, तर वाचले असते." फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी उचलला. "हो, येते. जेवणच करत होते, काही विशेष नाही."

वायरींचं वेटोळं खांद्यावर चढवून त्या वर गेल्या. मी पायरीवरच बसून राहिले. पर्समध्ये उत्तीर्ण असल्याचा कागद होता, आणि तोच कागद मिळवलेली बाई एसी दुरुस्त करायला गेली होती. म्हणजे कागद मला वाचवणार नव्हता. जायचं तर होतंच नव्या नोकरीत, त्यात शंका नव्हती. पण जे माझ्या जिभेवर होतं, ते मी सोबत नेणार होते. "हो, बघते" हे काही गाद्यांच्या कंपनीत ठेवून जायची वस्तू नव्हती.

मी फोन चालू केला. तो हातात नुसता थयथयाट करत राहिला. काकू, शोरूम, काकू, साहेब, साहेब, काकू. परत फोन करायच्या आत साहेबांचाच आला.

"अहो मॅडम, आहात कुठे? माल भरलेला ट्रक फाटकात उभा आहे सकाळपासून. परवान्यासाठी ओटीपी हवा होता. दोन मिनिटांचं तर काम होतं!"

"मी परीक्षेत होते. पास झाले. सोमवारी राजीनामा देतेय."

साहेब एकदम मवाळ झाले. "असं तडकाफडकी नका करू. आपण तुम्हाला विभागप्रमुख करू."

"कोणाची प्रमुख, साहेब? सर्व्हरची?"

"तसं नाही हो..."

"आणि सोमवारी आल्या आल्या सगळीकडचा माझा नंबर काढून तुमचा टाकणार आहे."

"माझा? मी मीटिंगमध्ये असतो! मी आजारी पडलो तर?"

"तर ट्रक फाटकात उभा राहील."

"बरं, ते आपण नंतर बोलू. आत्ताचा तेवढा सांगा, आलाय का बघा."

आला होता. ताजा, आकडे चमकत होते. सांगितला असता तर खरोखर क्षणाचं काम होतं. ट्रकवाल्याचा बिचाऱ्याचा काय दोष, असंही मनात आलं. मी तोंड उघडलं आणि त्या बाई आठवल्या, पहिल्यांदा प्रिंटर बघायला गेलेल्या.

"परवान्याच्या कार्यालयात फोन करून तुमचा नंबर लावून घ्या," मी म्हटलं. "मी आज सुट्टीवर आहे." आणि फोन ठेवला. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा लेक शाळेतून आली होती. जमिनीवर पुठ्ठे पसरून काहीतरी कापत-चिकटवत बसली होती. मी पर्स ठेवली, फोन त्यातच बंद ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "दप्तर आण बघू. ती चेन दुरुस्त करूया."

तिने वर बघितलं, जरा बिचकूनच. "ती तर कधीच झाली. बाबाने नवीन दप्तर आणलं." खुंटीला निळं दप्तर लटकत होतं. मला वाटतं बरेच दिवस लटकत असावं. मी ते बघितलंच नव्हतं.

"छान आहे," मी म्हटलं.

ती पुन्हा कात्री चालवायला लागली. मी तिथेच उभी. कोणी मला काही विचारत नव्हतं, आणि मी मात्र कोणीतरी विचारावं म्हणून उभी होते. शेवटी ती खाली बघूनच बोलली, "हा पूल उभाच राहत नाहीये. पण राहू दे. बाबा आल्यावर बघू."

"मी बघते ना."

"याला खूप वेळ लागेल, आई," ती म्हणाली. अगदी समजूत घालावी तशी. "दोन मिनिटांत नाही होणार."

"मला पूल नाही येत बनवता," मी म्हटलं. खरंच येत नव्हता. "तू सांग, मी धरते."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, खरं बोलतेय का ते. मग तिने पुठ्ठ्याचे तुकडे बाजूला सारले आणि मला बसायला जागा करून दिली.